ओवाळणीवरचा कर

१२ डिसेंबर २०१९ रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने आलेली वस्तू ‘भेट’ म्हणून सोडवून घ्यायला तिने मनाई केली. अपवाद दोनच ठेवले: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीपुढे कंसात बजावले होते की राखीसोबतच्या भेटवस्तू यात धरायच्या नाहीत. खाली खुलासा होता. पूर्ण शुल्क भरणाऱ्याला भेट आणता येईल. आणि राखीला जी सूट आहे ती सीमाशुल्क कायद्याच्या कलम २५(६) मुळे, म्हणजे शुल्क शंभर रुपये किंवा त्याहून कमी असेल तर ते वसूल करायचे नाही या तरतुदीमुळे. २०२३ मध्ये नवे परकीय व्यापार धोरण आले, त्यातही हा मजकूर तसाच राहिला.

घरातल्या माणसांसाठी याचा अर्थ असा, की बहिणीने न्यू जर्सीहून सांगलीच्या भावाला धाडलेली राखी सुटेल, पण परदेशातल्या भावाने भाऊबीजेची ओवाळणी म्हणून पाठवलेले घड्याळ सुटणार नाही. बारशाला मावशीने पाठवलेले झबले-टोपडे सुटणार नाही. नाताळला वसईच्या घरी आलेला चॉकलेटचा डबा सुटणार नाही, ईदला दापोलीत आलेली अत्तराची बाटलीही नाही. अधिसूचना निघाली तेव्हा अशा वस्तूंवरचा एकूण कर ७७.२८ टक्के होता: ३५ टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, आणि हे सगळे मिळवून होणाऱ्या किमतीवर २८ टक्के आयजीएसटी. दोन हजारांच्या शालीवर दीड हजारांहून अधिक कर. त्या दराने १३० रुपयांच्या वस्तूचे शुल्कसुद्धा शंभराच्या वर जाते.

मला हा नियम अन्यायाचा वाटतो. एका माणसाने दुसऱ्याला काहीही मोबदला न घेता पाठवलेली माफक किमतीची वस्तू हा व्यापार नाही, आणि जो व्यापार नाही त्यावर सरकारने आयातकर घेऊ नये. या नियमाची बाजू घेणारे लोक विचारी आहेत, त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

सर्वांत वजनदार मुद्दा चिनी ई-व्यापाराचा आहे. २०१८-१९ च्या सुमारास शीन, क्लब फॅक्टरी यांसारख्या मंचांवरून इथली तरुण मंडळी भराभर कपडे मागवत होती, आणि तो विकत घेतलेला माल ‘भेट’ असा शिक्का घेऊन येतो अशी तक्रार होती. त्या काळच्या बातम्यांत पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीच्या सवलतीचा उल्लेख वारंवार येत असे. तक्रार रास्त होती. गिऱ्हाइकाने मोबाइलवर पैसे मोजून घेतलेला झगा ही भेट नव्हे, आणि उल्हासनगरच्या कारखानदाराने जीएसटी भरायचा तर ग्वांगझूच्या विक्रेत्याने का चुकवायचा, या प्रश्नाला कुणाकडेही प्रामाणिक उत्तर नव्हते. सरकारने हात उगारला हे बरोबरच केले. तो हात पडला मात्र भलत्याच माणसावर. विक्री लपवणाऱ्याला पकडण्याऐवजी खरी भेट पाठवणाऱ्याचा मार्गच बंद केला. पुढे २९ जून २०२० रोजी सरकारने ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली त्यांत शीनही होती आणि क्लब फॅक्टरीही. शीन २०२५ मध्ये परतली ती रिलायन्सच्या हाताखाली, इथे बनवलेला माल विकण्यासाठी. ज्यांच्यासाठी हा बंदोबस्त केला ते त्या वाटेवरून केव्हाच निघून गेले आहेत. बंदोबस्त अजून उठलेला नाही आणि अडवणूक होते ती आजीच्या शालीची.

यावर उत्तर येते, ‘जगभर असेच चालले आहे, सगळेच देश लहान पार्सलांची सूट काढून घेताहेत.’ निम्मेच खरे आहे हे. उरलेले निम्मे सांगितले जात नाही, आणि माझ्या मते सगळा वाद तिथेच निकाली निघतो.

युरोपीय संघाला हाच त्रास झाला. २२ युरोपर्यंतच्या मालाला व्हॅटची माफी होती, तिचा आशियातल्या विक्रेत्यांनी गैरफायदा घेतला. संघाने १ जुलै २०२१ पासून ती माफी रद्द केली आणि कर विक्रीच्या क्षणीच, मंचाकडून वसूल करण्याची व्यवस्था उभी केली. पण एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या भेटीची सूट तशीच ठेवली. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून १५ पौंडांपर्यंतच्या व्यापारी मालाची सवलत बंद केली. ३९ पौंडांपर्यंतची भेट करमुक्तच राहिली. कॅनडात ६० डॉलरपर्यंतची भेट सुटते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून परदेशी विक्रेत्यांनाच कमी किमतीच्या मालावरचा जीएसटी गोळा करायला लावले, घरच्या भेटीच्या पार्सलाला हात लावला नाही.

आणि अमेरिका. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची माफी ट्रम्प सरकारने २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या जगासाठी काढून टाकली. आयातकराच्या बाबतीत त्या सरकारइतके कठोर सरकार अलीकडे दुसरे झाले नसेल. तरीही त्या आदेशात शंभर डॉलरपर्यंतची खरी भेट करातून वगळलेली होती. आपल्याच टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे पार्सल घेणे थांबवले, तेव्हा सुरुवातीला पत्रे, कागदपत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी यांना अपवाद ठेवला होता. नंतर वाहतूकदारांनी माल उचलायला नकार दिला म्हणून तेही थांबले आणि १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. दिवाळी तोंडावर आलेली होती. पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी घरांत चकल्या आणि अनारशांचे डबे तयार असून त्या वर्षी ते वेळेवर निघाले नाहीत. लोक हळहळले, अमेरिकेवर चिडले, आणि ते योग्यच होते. पण त्या घरांतल्या मुलांनी तिकडून आई-वडिलांना शंभर डॉलरची भेट पाठवली असती तर आपल्या सरकारने तिला भेट मानलेच नसते. अमेरिकेने जे दार किलकिले तरी ठेवले, ते आपण २०१९ मध्येच लावून घेतले होते.

थोडक्यात, दुसऱ्या देशांनी आपल्याच रोगावर औषध घेतले आणि त्या औषधाने रोग गेला, रोगी वाचला. व्यापार एका बाजूला, भेट दुसऱ्या बाजूला, अशी रेघ त्यांना आखता आली. ती कशी आखतात हेही गुपित नाही. पाठवणारा आणि घेणारा दोघेही खासगी व्यक्ती असाव्यात, देवाणघेवाणीत पैसा नसावा, वस्तू घरच्या वापराची असावी, पार्सल प्रसंगाने आलेले असावे, दर आठवड्याला नव्हे. दारू, तंबाखू यांना वेगळी मर्यादा असावी. आपल्या अधिकाऱ्यांना हे जमणार नाही असे म्हणणे त्यांच्या कर्तबगारीवर अविश्वास दाखवणे आहे.

स्थानिक दुकानदाराचे नुकसान होते, हा मुद्दा मी फार वेळ धरून बसणार नाही. मुलीने ओटावाहून आईला हातमोजे पाठवले म्हणून लक्ष्मी रोडवरचे गिऱ्हाईक कमी होत नाही. ते हातमोजे आईने कधी विकत घेतलेच नसते.

त्याहून अधिक टोचणारा युक्तिवाद असा: ज्यांचे नातलग परदेशात आहेत ते खातेपिते लोक, त्यांना कर परवडतो, त्यांच्यासाठी गरिबांच्या तिजोरीने का सोसायचे? या बोलण्यात परदेश म्हणजे कॅलिफोर्निया एवढेच धरलेले असते. रत्नागिरी आणि रायगडच्या गावांतून कुवेत, सौदी, दुबईला गेलेले वाहनचालक, वीजतंत्री, स्वयंपाकी, दुकानांतले मदतनीस यात नसतात. गोव्यातले तारवटी नसतात, जे वर्षातले कित्येक महिने जहाजावर काढतात. आखातात दोन-दोन वर्षे रजा न मिळणारा माणूस मुलाच्या वाढदिवसाला खेळण्यातली मोटार पाठवतो, तेव्हा तो काही चैन करत नसतो. घरी नसण्याची भरपाई करायची त्याची तेवढीच एक सोय असते.

उलट, पैसेवाल्याला सूट मिळते ती आजच्या नियमांनी. २०१६ च्या सामान नियमांनुसार विमानाने परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतचा माल विनाशुल्क आणता येत असे. २०२६ च्या नियमांनी ती मर्यादा ७५ हजारांवर नेली. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला शिवाय एक लॅपटॉप. हे सगळे त्याने भेट देण्यासाठी आणले तरी कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. पण जो स्वतः येऊ शकत नाही, ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत, ज्याला मालक रजा देत नाही किंवा ज्याच्या व्हिसाचे कागद अडकले आहेत, त्याने तीच वस्तू टपालाने पाठवली की पहिल्या रुपयापासून शुल्क. वर्षातून दोनदा विमानाने ये-जा करणाऱ्याला दर वेळी ७५ हजारांची मुभा आणि कधीच न येऊ शकणाऱ्याला शंभर रुपयांच्या शुल्काची सीमा. गरिबांची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनी या दोन आकड्यांचे समर्थन करून दाखवावे.

आणखी एक विसंगती आहे आणि ती मला सर्वांत कमी समजते. याच माणसाने वस्तूऐवजी पैसे पाठवले तर? आयकर कायदा म्हणतो, नातलगाकडून आलेली भेट कितीही मोठी असो, ती उत्पन्नात धरायची नाही. परक्याकडून आलेली रक्कमसुद्धा वर्षाला ५० हजारांपर्यंत करमुक्त. १९५८ चा भेटकर १ ऑक्टोबर १९९८ नंतरच्या भेटींसाठी संपला, आणि तो गेला याबद्दल आजवर कुणी हळहळ व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही. परदेशातून घरी पैसा येण्यात भारत जगात पहिला आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये ही रक्कम १३५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. या पैशाचे सरकार उघड कौतुक करते आणि ते करावेच. मग भावाने बहिणीला दहा लाख रुपये पाठवले तर तो त्यांच्यातला प्रश्न, पण दोन हजारांचे घड्याळ पाठवले तर तो आयात-निर्यातीचा प्रश्न, हे कोणत्या न्यायाने? नातलग कोण याची व्याख्या आयकर कायद्यात आहे. भेट म्हणजे काय हेही तिथे मान्य आहे. एका खात्याला जे कळते ते दुसऱ्या खात्याने नाकारावे, याला धोरण म्हणता येत नाही.

आता २०२१ चा एप्रिल-मे आठवावा लागेल. आठवणे जिवावर येते, पण या नियमाचा खरा चेहरा तेव्हाच दिसला. कोविडची दुसरी लाट होती. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी माणसे रात्रभर रांगेत होती. परदेशातली मुले, भाचे, पुतणे जिथून मिळेल तिथून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेऊन घरी पाठवू लागले. २४ एप्रिलला सरकारने ऑक्सिजनच्या उपकरणांवरचे मूळ सीमाशुल्क माफ केले. ३० एप्रिलला महासंचालनालयाने ३१ जुलैपर्यंत कॉन्सन्ट्रेटर भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने आणायला परवानगी दिली. १ मे रोजी वैयक्तिक वापरासाठी आलेल्या यंत्रावरचा आयजीएसटी २८ टक्क्यांवरून १२ वर आणला. शून्यावर नाही, १२ वर. त्यानंतर दोनच दिवसांनी, राज्य सरकारने नेमलेल्या यंत्रणेमार्फत फुकट वाटपासाठी येणाऱ्या साहित्याला आयजीएसटी पूर्ण माफ झाला. म्हणजे तेच यंत्र संस्थेच्या नावाने आले तर कर नाही, आणि भाच्याने धाप लागलेल्या मामाला पाठवले तर १२ टक्के.

दिल्लीतले ८५ वर्षांचे एक कोविडग्रस्त गृहस्थ या कराविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. त्यांचे यंत्र अमेरिकेतल्या पुतण्याने भेट पाठवलेले होते. न्यायमूर्ती राजीव शकधर आणि न्यायमूर्ती तलवंत सिंह यांच्या खंडपीठाने २१ मे २०२१ रोजी निकाल दिला की वैयक्तिक वापरासाठी भेट आलेल्या कॉन्सन्ट्रेटरवर आयजीएसटी लावणे घटनाबाह्य आहे. संस्थेमार्फत आलेले यंत्र आणि माणसाने माणसाला पाठवलेले यंत्र यांत भेद करणे समानतेच्या कलम १४ मध्ये बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ जूनला या निकालाला स्थगिती मिळाली. कर किती असावा हा धोरणाचा विषय आहे, न्यायालयाचा नाही, हा सरकारचा युक्तिवाद होता. १२ जूनला जीएसटी परिषदेने दर पाच टक्क्यांवर आणला. तोवर लाट ओसरू लागली होती.

कर ठरवण्याचा अधिकार सरकारचा आहे, यावर माझा वाद नाही. धोरणाचा विषय आहे म्हणूनच मी हे धोरण ठरवणाऱ्यांना विचारतो आहे. त्या १२ टक्क्यांतून देशाला काय मिळाले? श्वास न घेता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या यंत्रावरून किती महसूल आला, आणि तो वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणे सरकारला का गरजेचे वाटले? मला याचे एकच कारण दिसते. भेट हा वेगळा प्रकार आहे हे एकदा मान्य केले की बाकीच्या भेटींचाही विचार करावा लागला असता, आणि तो करायचा नव्हता.

‘जीवरक्षक औषधांना तर सूट आहेच’ असे सांगणाऱ्यांनीही हा प्रसंग लक्षात घ्यावा. ऑक्सिजनचे यंत्र औषध नव्हते. वडिलांसाठी पाठवलेले रक्तदाब मोजायचे उपकरण, आईच्या गुडघ्याचा पट्टा, अर्धांगवायूनंतर बोटे हलवायला लागणारे साधन, यांपैकी कशालाही ‘जीवरक्षक औषध’ म्हणता येणार नाही. आजारपणात नातलग पाठवतात त्या वस्तू बहुधा अशाच असतात.

अलीकडे एक नवे उत्तर ऐकू येते: दर आता उतरले आहेत, मग ओरड कशाची? दर उतरले हे खरे. वैयक्तिक वापराच्या आयात वस्तूंवरचे मूळ सीमाशुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पाने ३५ वरून २० टक्के केले आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाने १० टक्क्यांवर आणले. त्या पार्सलांवरचा आयजीएसटीही २८ चा १८ झाला. याचे मी स्वागत करतो. पण दर कमी झाला म्हणून कागदपत्रे कमी होत नाहीत. झबल्याची किंमत सिद्ध करायची, ओळखपत्र द्यायचे, बॅलार्ड पिअरच्या फॉरेन पोस्ट ऑफिसमधून किंवा कुरिअर कंपनीकडून निरोप येण्याची वाट पाहायची, कुरिअरची वेगळी हाताळणी फी मोजायची, हे सगळे दहा टक्क्यांनाही तेवढेच लागते. लहान पार्सलावर तर कधीकधी मूळ करापेक्षा ही फीच जड पडते. मूळ हरकत दराला नव्हतीच. भेटीला भेट म्हणून स्थानच नाही, ही हरकत आहे.

या अंधारात ठगांचेही फावते. ओळख वाढवून ‘तुमच्यासाठी परदेशातून भेट पाठवली आहे’ असे सांगायचे, मग कस्टम अधिकारी बनून ‘पार्सल अडकले आहे, शुल्क भरा’ असा फोन करायचा, आणि हजारो-लाखो रुपये उकळायचे. अप्रत्यक्ष कर मंडळ अशा फोनपासून सावध राहायचे इशारे सतत देत असते. आपल्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, तो तपासा, असेही सांगते. तरी माणसे फसतात. विधवा फसतात, निवृत्त शिक्षक फसतात. कारण भेटीवर नेमका किती कर, कधी आणि कुणाला द्यायचा, हे सामान्य माणसाला माहीत नसते. ‘अमुक किमतीपर्यंतच्या भेटीला काहीही भरावे लागत नाही’ हे एक वाक्य लोकांना पाठ असते, तर त्या फोनवरचा निम्मा धाक संपला असता.

मागणी अवाजवी नाही. एका पार्सलामागे पाच हजार रुपयांपर्यंतच्या खऱ्या भेटीला शुल्क आणि आयजीएसटी दोन्ही माफ करावेत, आणि ही मर्यादा दर काही वर्षांनी महागाईप्रमाणे वाढवावी. एका व्यक्तीच्या नावावर वर्षाला किती भेटी हे ठरवावे. चार ठरवल्या तरी भाऊबीज, वाढदिवस, ईद, नाताळ भागतात. कुरिअरचे पार्सल सोडवताना घेणाऱ्याचे ओळखपत्र आजही मागतात, तेव्हा मोजदाद करणे अशक्य नाही. विक्री मंचावरून थेट निघालेले पार्सल भेट म्हणून मान्य करू नये. तो कर विक्रेत्याकडून, विक्रीच्या वेळीच घ्यावा. सोने, दारू, सिगारेट यांना सूट नको. आजारी माणसाच्या वापराच्या उपकरणांना किमतीची अट जास्त ठेवावी. खोटी भेट पकडली गेली तर दंड इतका असावा की पुन्हा कुणी धजावणार नाही.

यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. महासंचालनालयाने आपल्या धोरणातला एक परिच्छेद बदलायचा आणि अर्थ मंत्रालयाने माफीची एक अधिसूचना काढायची. ३० एप्रिल २०२१ रोजी याच महासंचालनालयाने मंजूर भेटींच्या यादीत तिसरा अपवाद घातला होता. महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे दोन खासदार लोकसभेत बसतात. त्यांच्या मतदारसंघांतली किती घरे आखातातल्या, जहाजावरच्या किंवा परदेशी स्थायिक झालेल्या माणसांच्या पार्सलाची वाट पाहतात, हे त्यांना मी सांगायला नको. पुढच्या अर्थसंकल्पाआधी वाणिज्य मंत्र्यांना एवढा एक प्रश्न लेखी विचारा: २०१९ ची बंदी अजून कुणाला रोखण्यासाठी आहे?